सिंधूताईंचा बिब्बा

वाटलेल्या मूगडाळीचा अर्धा गंज रिकामा झाला होता आणि गच्चीवर अंथरलेल्या जुन्या धोतराचा अर्धा भाग वड्यांनी भरला होता. एकादशीचा उपास, त्यामुळे मीठ बरोबर पडलं की नाही हे चाखून पाहायचीही सोय नव्हती. सिंधूताई भोयर अंदाजानंच बोटं चालवत होत्या. तेवढ्यात जिन्यातून मनोहररावांचा आवाज आला.

"सिंधू, खाली ये वं. दवाखान्यातून फोन आलता. चार वाजताचा नंबर अकरावर आणला म्हणते."

"आत्ता?"

"आत्ता नाही तं काय दिवाळीले?"

सिंधूताईंनी गंजावर ताट झाकलं, उरलेल्या धोतराची घडी तशीच सोडली आणि हात धुवायला खाली आल्या.  

मनोहररावांच्या डाव्या तळपायाला, टाचेच्या थोडं पुढे, एक काळा डाग होता. दोन वर्षांपूर्वी मसुराच्या दाण्याएवढा असेल, आता चिंचोक्याएवढा झाला होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं जड बूट घालून ड्यूटी केलेला माणूस. बुटाचा घट्टा असेल म्हणून त्यांनी कधी वाकूनही पाहिलं नाही. पाहिलं ते त्यांच्या लेकीनं. उत्तरा माहेरी आली होती, बाबा पलंगावर पाय लांब करून पेपर वाचत होते, आणि तिला डागाची एक कड पसरलेल्या शाईसारखी दिसली. तिनं पुढच्याच सोमवारी दोघांनाही रामदासपेठेतल्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर मयुरा देशकर वयानं उत्तराएवढ्याच. त्यांनी दिव्याचं एक भिंग डागावर टेकवलं, त्याला मोबाइल जोडला आणि टेबलावरच्या पडद्यावर तळपाय एवढा मोठा केला की मनोहरराव म्हणाले, "हे तं आपलं काटोलचं वावर दिसून राहिलं!"

"वावरच समजा, काका," डॉक्टर म्हणाल्या. "तळपायाच्या कातडीला सरी असते आणि वरंबा असतो. साध्या तिळाचा रंग बहुतेक सरीत बसतो. तुमचा रंग वरंब्यावर चढलाय. हे मला आवडलेलं नाही." मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हा मेलानोमा नावाचा कातडीचा कॅन्सर असू शकतो. वरवर असला तर कापून काढला की बहुधा संपलं. खोल गेला असला तर तो रक्ताबरोबर, लसिकेच्या रसाबरोबर चालू लागतो, आणि तळपायावरून निघाला की पहिला मुक्काम जांघेत सगळ्यांनाच असतात त्या लसिकागाठींमध्ये करतो. किती खोल आहे त्याचा अंदाज घ्यायला कातडीची बारीक सोनोग्राफी करायची. ते मशीन पुढच्या गुरुवारी येणार होतं.

मधले दहा दिवस. त्याच दहा दिवसांत सिंधूताईंनी ते केलं होतं.

खापरखेड्याच्या कॉलनीत त्यांची तीस वर्षं गेली. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत राखेचा थर बसायचा, आणि सिंधूताईंच्या दाराशी कोणी ना कोणी बसलेलं असायचं. लेकराचं पोट फुगलं, वेखंड उगाळून द्या. पाय मुरगळला, चोळून द्या. तळपायाला कुरूप झालं, बिब्बा लावून द्या. बिब्बा हे त्यांचं खास. सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटून फसफसायला लागलं की बरोबर कुरुपावर थेंब टेकवायचा, इकडेतिकडे एक तीळभरही नाही. "सिंधूताईंचा हात गुणाचा" असं अख्खी कॉलनी म्हणायची. पैसा त्यांनी कधी घेतला नाही, ओटीचा नारळसुद्धा देवळात ठेवून यायच्या. पण ते कौतुक मात्र त्या घेत आल्या होत्या. मानकापूरला स्वतःचं घर झालं तेव्हाही बिब्ब्यांची पुरचुंडी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातच राहिली.

डॉक्टरणीनं कॅन्सर म्हटलं आणि सिंधूताईंच्या मनानं ते घेतलंच नाही. त्यांनी आयुष्यात दोनशे कुरुपं पाहिली होती. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मनोहररावांना पाटावर बसवलं. "ते मशीन येईपर्यंत घरचं करून पाहू. गेलं तं गेलं." मनोहररावांनी पाय पुढे केला. बायकोच्या हातापुढे पाय मागे घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

या वेळी थेंब टेकला नाही, सांडला. डोकं उपासानं ठणकत होतं, हात हलला. रात्रीपर्यंत पाय सुजला, दोन दिवसांनी फोड आला, तो फुटला, आणि डागाच्या जागी डागापेक्षा मोठं काळंनिळं काहीतरी उरलं.

*

गुरुवारी अकराला डॉक्टरांनी तळपाय पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे असं कसं झालं? दहा दिवसांत? मध्ये काही लावलं होतं का काका? मलम, घरगुती काही?"

सिंधूताईंनी तोंड उघडलं. पण मनोहररावच आधी बोलले.

"नाही बा. आंघोळीच्या वेळी दगडानं घासलं जरा जास्त."

"काकू?"

सिंधूताई उत्तराकडे पाहत राहिल्या. उत्तरा मोबाइलमध्ये पाहत होती. एकादशी, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि त्या गप्प बसल्या.

थंडगार जेली लावून डॉक्टरांनी पेनाएवढा दांडा पायावर फिरवला. पडद्यावर राखाडी पट्टे आले, वर पांढरी रेघ, आणि रेघेखाली एक काळी होडी. होडीच्या वरच्या काठाला एक फुली, तळाला एक फुली. बाजूला आकडा उमटला. मनोहररावांनी तो मोठ्यानं वाचला. कंट्रोल रूममध्ये आयुष्यभर मीटर वाचलेला माणूस. "एक पूर्णांक नऊ. मिलिमीटर न?"

"हो. एकच्या आत असता तर मी निश्चिंत असते. आणि मागच्या फोटोच्या मानानं फार वेगानं वाढलाय असं दिसतंय." डॉक्टरांनी हातमोजे काढले. "मी सोमवारी सर्जनशी बोलते. डाग मोठा घेर धरून काढावा लागेल, मांडीची कातडी लावावी लागेल. आणि त्याच वेळी जांघेतली पहिली गाठ काढून तपासायची. त्यात कॅन्सर निघाला तर पुढचं मोठं काम, तिथल्या सगळ्या गाठी काढायच्या. पाय सुजतो त्यानं पुष्कळांचा, कायमचा. पण त्यापेक्षा जीव महत्त्वाचा."

गाडीत उत्तरा रडली. मनोहररावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सिग्नलला म्हणाले, "चहा पिऊ का कुठं?" 

घरी आल्यावर सिंधूताईंना गच्चीवरच्या गंजाची आठवणच राहिली नाही. त्यांनी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. जपाला बसल्या, माळ दोनदा तेराव्या मण्यावर अडकली, तिसऱ्यांदा हातातून घसरली. जेवण्याआधी मनोहरराव स्वयंपाकघराच्या दारात आले.

"एवढं काय लावून घेतलं मनाले? होणार ते होते."

"तुम्ही काहून खोटं बोलले?"

"तुले सर्वांसमोर झापलं असतं तिनं. लेकीसमोर. तुह्या हाताले कोणी नावं ठेवलेली मले चालत नाही."

"अन् तुमचा पाय?"

"पायाचं काय, बिब्ब्यानं कॅन्सर होते थोडाच! तिनं पाहिलं ते पाहिलं." ते दारातूनच पुढे म्हणाले, "अन् मलेही वाटलं, तू लावलं ते सांगून आता काय फरक पडते?"

काय फरक पडतो, हे सिंधूताईंनाही माहीत नव्हतं. तेच तर सोसत नव्हतं. फरक पडत नसेल तर सांगून फक्त फजिती. पडत असेल तर न सांगून पायाची माती. शुक्रवारभर हा एकच काटा मनात फिरत राहिला. शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, "टेकडीच्या गणपतीले बोलून टाका न काही." सिंधूताईंनी मान हलवली. आजवर पुष्कळ नवस बोलल्या, फेडलेही. पण आपण लपवायचं आणि निस्तरायला देवाला मध्ये घालायचं, हे त्यांना बरं वाटेना. देवाला सगळं ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते डॉक्टरणीला.

*

शनिवारी सकाळी मनोहरराव दाढी करत असताना त्या ऑटोत बसल्या. रामदासपेठेत एकट्या जायची ही पहिलीच वेळ. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "पेशंट कुठाय?"

"पेशंट घरी आहे. मले दोन मिनिटं बोलायचं आहे."

"नंबर लावावा लागेल आजी."

"लाव न बाई. बसून राहीन."

दीड तास बसल्या. आत गेल्या तेव्हा ठरवलेलं वाक्य विसरल्या होत्या.

"मॅडम, ते परवा खोटं बोलले. अन् मी बी. गप्प बसली म्हणजे बोललीच न. मी बिब्बा लावला होता."

"काय लावला होता?"

"बिब्बा. तापवून. कुरूप समजून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू! मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं. मी उद्या-परवा एका माणसाची जांघ उघडायला सांगणार होते!" आवाज बाहेरपर्यंत गेला असावा, कारण रिसेप्शनवरची मुलगी डोकावून गेली. सिंधूताई खाली मान घालून बसल्या. झापणं सुरू झालं होतं आणि आश्चर्य म्हणजे त्यात छाती जरा मोकळी होत होती.

"कधी लावला?"

"पंचमीले."

"तारीख सांगा."

"तारीख नाही येत मले. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. चंद्र उशिरा निघाला होता, उपास उशिरा सुटला, म्हणून सकाळी डोकं दुखून राहिलं होतं, नाही तं माहा हात हलत नाही."

डॉक्टरांनी मोबाइल चाळला, मग वैतागून बाहेरचं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं. ते टेबलावर पसरलं. सिंधूताईंनी संकष्टीच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि एक घर पुढे सरकवलं. "हा. शुक्रवार."

"म्हणजे माझ्या फोटोनंतर चार दिवसांनी, आणि सोनोग्राफीच्या सहा दिवस आधी." डॉक्टर हिशेब लिहून घेत होत्या. "किती तापवलात? किती थेंब? कुठपर्यंत सांडला?"

सिंधूताईंनी सगळं सांगितलं. सुई, दिवा, फसफस, थेंब. सांगता सांगता आवाज थोडा ताठ झाला. हे त्यांना येत होतं. डॉक्टरांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. मग पडद्यावर ती काळी होडी पुन्हा आणली.

"बघा काकू. हे मशीन आत आवाज पाठवतं. जिथून आवाज नीट परत येत नाही तिथे ते काळं दाखवतं. डाग असला तरी काळं. भाजून सूज आली तरी काळंच. एकाखाली एक आले की मशीन दोघांची मिळून एकच होडी काढतं."

"म्हणजे तो आकडा खोटा?"

"खोटा नाही म्हणत मी. पण त्या एक पूर्णांक नऊमधला डागाचा किती आणि तुमचा किती, ते मला आज सांगता येत नाही."

सिंधूताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग?"

"डाग काढायचाच आहे, त्यात बदल नाही. वरंब्यावरचा रंग तुमच्या बिब्ब्याच्या आधीच्या फोटोतही आहे. प्रश्न जांघेतल्या गाठीचा आहे. दहा दिवस मी देते तेच मलम लावायचं, सूज उतरवायची, आणि पुन्हा मोजायचं. थांबणं मला आवडत नाही, काकू. दहाच दिवस. अकरावा नाही. आणि पायाला दुसरं काही लागलं ना..."

"नाही लागणार."

"आणि काकांना सांगा, मीटर वाचणाऱ्या माणसानं मला खोटं रीडिंग देऊ नये."

*

मनोहररावांना सांगितलं तेव्हा ते चिडले. इतके चिडल्याचं सिंधूताईंना आठवत नव्हतं.

"मी माणसं पाहून बोललो तुह्यासाठी, अन् तू जाऊन माहा पोपट केला? आता ती काय म्हणत असन, बुढा लबाड आहे!"

"म्हणते. तसंच म्हणते."

"पाहा!"

"तुम्हीच सांगत होते न कॉलनीत असताना, मीटरच्या काचेवर राख असली तर आधी काच पुसा, मग आकडा वाचा म्हणून? मग मीच तं राख टाकली होती त्याच्यावर. मी नाही पुसणार तं कोण पुसन?"

 मनोहरराव पाय पुढे करून म्हणाले, "लाव ते मलम. पाहू तुह्या हाताले इंग्रजी औषध जमते का."

दहा दिवस घरात कोणी धड बसलं नाही. उत्तरा दिवसातून तीनदा फोन करायची आणि दर वेळी तेच विचारायची, "सूज?" मनोहररावांना अनवाणी चालायची बंदी होती, ते चप्पल घालून देवघरात आले की सिंधूताईंचा जीव खालीवर व्हायचा, पण त्या काही म्हणायच्या नाहीत. मलम लावताना त्या बोटाला थरथर होऊ नये म्हणून आधी गरम पाण्यात हात बुडवून ठेवायच्या. रोज तोच डाग. रोज त्यांना वाटायचं वाढला. रोज वाटायचं कमी झाला. सहाव्या दिवशी सूज बसली आणि त्याखालून जुना, आधीचा डाग वर आला, तसाच, पसरलेल्या शाईसारखा, आणि त्याला पाहून बरं वाटावं की भीती, तेच कळेना.

त्याच दिवशी शोभाताई आपल्या मिस्टरांना, ओमप्रकाशजींना घेऊन आल्या. त्यांच्या अंगठ्याखाली घट्टा होता. "जरासा बिब्बा लावून द्या न ताई."

सिंधूताईंनी अंगठा उजेडात धरून पाहिला. पिवळट, कडक, मधोमध डोळा. कुरूपच होतं. शंभरातल्या शंभर वेळा कुरूप. तरीही हात उठेना.

"आधी डॉक्टरले दाखवून या."

"कुरुपासाठी डॉक्टर? काय ताई, भाव खाऊन राहिल्या का आता?"

"खाऊन राहिली समजा."

शोभाताईंना राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कढीपत्ता मागायला सिंधूताईंकडे न येता समोरच्या घरी हाक मारली, ती यांनी खिडकीतून ऐकली. पुरचुंडी कप्प्यातच होती. त्यांनी ती फेकलीही नाही, बाहेरही काढली नाही.

*

मंगळवारी मशीन आलं. या वेळी मनोहररावांनी कोणी विचारायच्या आतच सांगितलं, "मलमाशिवाय काही नाही लावलं. दगडबी नाही. ही बसली आहे साक्षीले."

डॉक्टर हसल्या नाहीत. आधी भिंग लावून फोटो काढला, पहिल्या फोटोच्या शेजारी ठेवला, काठ जुळवून पाहिले. तेवढाच होता. मग जेली लावली. राखाडी पट्टे, पांढरी रेघ. रेघेखाली होडी शोधायला त्यांना दांडा दोनदा फिरवावा लागला. सिंधूताई उभ्याच होत्या. पडद्यावर एक बारीक काळी चीर दिसली, नखाच्या कडेएवढी. वर फुली. खाली फुली. डॉक्टरांनी ते पुसलं, दुसऱ्या ठिकाणी मोजलं. पुन्हा पुसलं, तिसऱ्या ठिकाणी मोजलं.

"वाचा काका. सगळ्यात मोठा आकडा वाचा."

मनोहररावांनी चष्मा वर केला. "शून्य पूर्णांक सात."

 उत्तरानं आईचा हात धरला. 

"आता ऐका, आनंदात अर्धं ऐकू नका," डॉक्टर म्हणाल्या. "हा अंदाज आहे, निकाल नाही. खरी खोली मायक्रोस्कोपखालीच कळते, डाग काढल्यावर. पण या चित्रावर मी गाठीला आत्ता हात लावा असं म्हणणार नाही. शुक्रवारी फक्त डाग काढू, थोडी कड धरून. तो तपासायला जाईल. त्यात आकडा वाढला, तर पुन्हा याच खुर्चीत बसून जांघेचं बोलावं लागेल. नाही वाढला, तर दर तीन महिन्यांनी मी पाय आणि जांघ तपासणार."

"वाढण्याचा चान्स किती?" उत्तरानं विचारलं.

"आहे. कमी आहे. पण आहे."

"म्हणजे अजून झोप नाही," मनोहरराव म्हणाले.

"शुक्रवारपर्यंत तर नाहीच. निकाल यायला आणखी आठवडा."

सिंधूताईंना विचारायचं होतं, की मी ते लावलं नसतं तर हा आकडा पहिल्याच दिवशी आला असता का, आणि हे दहा दिवस फुकट गेले का. त्यांनी विचारलं. डॉक्टर फाइलवर लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हो काकू, पहिल्याच दिवशी आला असता बहुतेक." मग मान वर केली. "आणि तुम्ही शनिवारी आला नसतात, तर आत्तापर्यंत काकांच्या जांघेला टाके असते. दोन्ही लिहून घेतलंय मी."

बाहेर रिसेप्शनवरच्या मुलीनं ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचा कागद दिला. सिंधूताईंनी तो दोनदा वाचला आणि पर्समध्ये घडी न करता ठेवला. उद्या सकाळी सातला मनोहररावांना उपाशीपोटी रक्त द्यायला लॅबमध्ये न्यायचं होतं.